माळ्यावरचा दाणा

पौडाला एसटी थांबते, तिच्या बरोब्बर समोर जैनबबीचं दुकान. दुकानाला नाव नाही. दारावर पत्र्याची पाटी, तिच्यावर दोनच शब्द : कच्चे दाणे. आत डाळ, गूळ, मिरची, रॉकेल सगळं मिळतं, पण ते पाटीवर नाही. का म्हणून विचारलं की जैनबबी तागडीवरून मान वर न करता म्हणते, "मिरची काय, कुटंबी मिळती. दाणा हितंच मिळतो."

हे म्हणताना तिचा खालचा ओठ पुढं येतो आणि 'हितंच'ला पारडं खाडकन खाली आदळतं. पारड्याशिवाय मला हे वाक्य जमत नाही, म्हणून घरी मी ताटावर पळी आपटते. आई म्हणायची, "चंद्रकले, एक दिवस चाचीच्या कानावर जाईल." गेलंच. चाची म्हणाली, "ओठ आनिक पुढं काढ. मी काय एवढी गरीब दिसती व्हय?"

जैनबबी घोटवड्याची लेक. चौदाव्या वर्षी पौडात नांदायला आली. इलाहीचाचा तेव्हा बैलगाडीत माल घालून गावोगावचे बाजार करायचे. एका पावसाळ्यात गाडी उताराला कलंडली, चाचा खाली आणि गुळाच्या ढेपा वर. कंबर गेली ती गेलीच. तेव्हापासून चाचा दुकानात मागच्या बाजेवर बसतात, फडक्यात गुंडाळलेली गरम वीट कमरेला लावतात आणि बायको जे बोलेल त्याला मान हलवतात. दुकान तिचं. पोरं वाढवली तिनं, सून आणली तिनं, आणि दाण्याला नाव मिळवलं तेही तिनंच.

नाव कसं मिळवलं ते गाव अजून सांगतं. मी जन्मायच्या आधी एकदा पोत्यातला दाणा खवट निघाला. जैनबबी नवं पोतं फोडलं की आधी एक दाणा दाताखाली धरते, डोळे मिटते, आणि तेवढा वेळ गिऱ्हाइकानंही श्वास घ्यायचा नाही असा रिवाज आहे. त्या दिवशी तिनं डोळे उघडले, थुंकली, आणि अख्खं पोतं भर बाजारात गटारात ओतलं. कावळे दोन दिवस जेवले. तेव्हापासून मालेपासून भूगावपर्यंत माणसं दाण्याला तिच्याकडंच येतात. बांधावरून भांडणं लागली तर लोक म्हणतात, "जैनबबीच्या दाण्यावानी खरं सांगतो."

हे सगळं नीट चाललं होतं. मग त्र्याऐंशी सालच्या आषाढात आमच्या बौद्ध आळीतले भिकाजीतात्या रिटायर होऊन गावी आले.

तात्या खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात माल तपासायला होते. बत्तीस वर्षं. माणूस एवढासा, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं असं, की प्रत्येक शब्दावर शिक्का मारून तो पुढच्या टेबलाकडं सरकवतायत. त्यांचं पोट बारा वर्षं बिघडलेलं. पुण्याच्या कुणा निसर्गोपचारवाल्यानं त्यांना सांगितलं, विस्तव न लागलेलं खा. रोज चाळीस दाणे भिजवा, मोड येऊ द्या, चावून चावून खा. मोड आला तर दाणा जिवंत. नाही आला तर मेलेला, आणि मेलेला दाणा पोटात घालायचा नाही.

तात्या दुकानात आले. "जयभीम, जैनबबी. शेंगदाणे पाहिजेत. कच्चे."

"सलाम, तात्या. पाटी वाचली न्हवं?"

"वाचली. म्हणूनच विचारतोय. विस्तव लागलेला नाही ना?"

"कच्चं म्हंजी कच्चं," असं म्हणून तिनं पारडं आपटलं.

चौथ्या दिवशी तात्या ओलं फडकं घेऊन हजर. तागडीच्या शेजारी उलगडलं. आत फुगलेले, बुळबुळीत, आंबूस वास सुटलेले दाणे. "शंभर दाणे. तीन दिवस. मोड : शून्य."

"तात्या, दाणा हाय तो. तुमच्या कारखान्यातली गोळी न्हाई, चाप वढला की फुटायला. पानी जास्त झालं आसंल."

"पाणी मोजून घातलंय."

"मोजून!" जैनबबी चाचांकडं वळली. "आयकलं का? पानी मोजलं!" चाचांनी मान हलवली.

तिनं दुसरे दाणे दिले. तिनं स्वतः चावून, डोळे मिटून, निवडून दिले. पुढच्या चार दिवसांनी पुन्हा फडकं. शंभरात चार मोड. तात्यांनी वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं, "लॉट रिजेक्ट."

"काय केलं?"

"नापास."

आता जैनबबीला मूर्ख म्हणा, कजाग म्हणा, ती त्यावर दोन शिव्या घालून विसरते. पण दाण्याला नापास? तिनं हातातलं पारडं हळूच खाली ठेवलं. आम्ही जे बाकावर बसलो होतो ते हळूच उठलो.

गावाला एवढं पुरे असतं. दुसऱ्या दिवशी एसटीचा कंडक्टर खिडकीतून ओरडला, "जैनबबी, दोन चहा सांग, कच्चं!" मालेच्या गोजराबाई, वीस वर्षांचं गिऱ्हाईक, पिशवी पुढं करून थांबल्या आणि म्हणाल्या, "जैनब, राग नगं मानू, पर खरंच कच्चं हायती का गं? न्हाई, आमास्नी काय, चटणीच वाटायची. पर लोकं बोलत्यात."

"कोन लोकं?"

"लोकं गं. आपली लोकं."

गोजराबाई दाणे घेऊन गेल्या, पण जाताना त्यांनी एक दाणा तोंडात टाकून डोळे मिटले. वीस वर्षांत पहिल्यांदा. ते जैनबबीनं पाहिलं.

ती ताडकन ओट्यावर आली. समोर एसटी उभी, स्टँडावर पन्नास माणूस. "आयका रं! म्होरल्या बाजाराच्या आदल्या तीन दिसांत माझ्या हातानं शंभर दाणं भिजवीन. बाजारात हितंच मांडीन. कुनीबी या, मोजा. साठ फुटलं न्हाईत तर ही पाटी मी माझ्या हातानं उतरवीन. मंग कच्चा दाणा ह्या दुकानात दिसायचा न्हाई!"

"साठ का? सत्तर असावेत," तात्या गर्दीतून म्हणाले.

"तात्या, तुमी गप बसा!"

पाटी उतरवायची म्हणजे काय, ते गावाला कळत होतं. मिरची कुठंही मिळते.

आता जैनबबीचा सगळा संशय पुण्याच्या भुसार व्यापाऱ्यावर. "त्यानंच भाजून दिला आसंल मेल्यानं, किडं लागू ने म्हनून." ती जायला निघाली. तात्या म्हणाले, मीही येतो, नमुना साक्षीदारासमोर घ्यावा लागतो. मला नव्या वह्या हव्या होत्या म्हणून मीही गेले, आणि तो एसटीतला दीड तास मी कधी विसरायची नाही. ती एका बाकड्यावर, तात्या पुढच्या. मान न वळवता तात्या विचारायचे, "माल आणता तेव्हा पोतं टपावर असतं का?" आणि ती पाठीमागून, "न्हाई, मांडीवर घिऊन बसती, अंगाई म्हनती."

व्यापारी शेटजी शांत माणूस. गादीवर रेलून म्हणाले, "कच्चा म्हणजे न भाजलेला. शेतकऱ्याकडनं येतो, उन्हात वाळलेला. आमच्याकडं भट्टीच नाही, बघा हवं तर."

"उन्हात," तात्यांनी वही काढली. "म्हणजे तापवलेला."

"अहो तात्या!" जैनबबीचा आवाज बाजारभर. "शेतात उबा व्हता तवा सूर्य काय त्याच्यावर बर्फ टाकत व्हता?"

शेटजी हसले. तात्या नाही हसले. त्यांनी विचारलं, मग काजू? शेटजी म्हणाले, काजू तर विचारूच नका. तापवल्याशिवाय त्याचं टरफलच सुटत नाही, आतलं तेल हाताला भाजतं. कच्चा म्हणून विकतात तोही एकदा आगीतून नाहीतर वाफेतून निघालेलाच असतो. तात्यांनी वहीत 'काजू'वर काट मारली. त्या पानावर आधीच पोहे, चुरमुरे, खोबरं, सगळ्यांवर काट होती. त्या माणसाला खायला जगात फारसं काही उरलेलं नव्हतं.

जैनबबीनं मागच्या महिन्यात ज्या थप्पीतून पोतं उचललं होतं, त्याच थप्पीतले दाणे तात्यांनी दोन ओंजळी काढले, पुडी बांधली, वर लिहिलं, 'नमुना पुणे'. परत आल्यावर दुकानातल्या पोत्यातून दुसरी, 'नमुना पौड'. दोन्हींतले शंभर-शंभर दाणे जैनबबीच्या ओट्यावर दोन परातींत भिजले. एक पाणी, एक फडकं, एक माणूस.

तिसऱ्या दिवशी सकाळी फडकी उघडली. पुण्याच्या परातीत पांढरे टोकदार मोड, कोंबडीच्या पिलांनी चोची वर कराव्यात तसे. तात्यांनी मोजले. "एक्याऐंशी."

जैनबबीनं दुसरं फडकं उघडलं. तिनं स्वतःच मोजलं. मोजायला फार वेळ लागला नाही. तीन.

म्हणजे शेटजी सुटला, शेतकरी सुटला, ऊनही सुटलं. दाणा पुण्याहून जिवंत येत होता आणि पौडात, तिच्या घरात मरत होता.

"माल आणल्यावर ठेवता कुठं?" तात्या म्हणाले. आवाज हळू होता. शिक्का मारत नव्हते.

"ठिवनार कुटं? माळ्यावर."

"कुठल्या माळ्यावर?"

आता हे पुण्याच्या माणसाला सांगावं लागेल, आम्हाला नाही. मुळशीचा पाऊस चार महिने भिंतींतून आत येतो. मीठ पाण्याचं होतं, आगपेटी पेटत नाही, चपलेला बुरशी धरते. म्हणून घरोघरी चुलीच्या वर फळ्यांचा माळा असतो. पावसाळ्यात भाताचं पोतं, मिरची, लाकडं, पापड सगळं त्याच्यावर. खालून ऊब, वरून धूर. जैनबबीच्या घरी तर खाली नुसती चूल नव्हती, भट्टी होती. तिची सून रोशनबी रोज सकाळी तिथं बाजारासाठी खारे दाणे आणि फुटाणे भाजायची. खाली भाजलेले, वर कच्चे. मधे चार हात हवा आणि फळ्या.

"तो काय इस्तू लागला व्हय?" जैनबबी भडकली. "धूर लागला. ऊब लागली. सगळी मुळशी माळ्यावरच ठिवती! आमचं मांजर आषाढभर तितंच झोपतं. मांजर शिजलं का कवा?"

तात्या घरी गेले आणि ताप मोजायचा थर्मामीटर घेऊन आले. शिडी लावून माळ्यावर चढले, मांजराला बाजूला केलं, आणि थर्मामीटर पोत्याच्या पोटात खुपसला. खाली रोशनबी भट्टीवर. आम्ही सगळे मान वर करून. तात्या खाली उतरले, चष्मा सारखा केला, आणि थर्मामीटर जैनबबीच्या हातात दिला. पारा शेवटच्या रेघेच्याही पुढं जाऊन नळीच्या टोकाला टेकला होता.

"मांजर उठून जातं, बाई," तात्या म्हणाले. "दाण्याला जाता येत नाही. तो महिनाभर ह्याच तापात पडून आहे."

जैनबबी खाली बसली. मी तिला कधी बसलेली पाहिली नव्हती, दुकानात तर नाहीच. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "अल्ला गं! म्हंजी तीस वरीस मी पावसाळाभर खोटं इकलं."

"खोटं नाही. माहीत नव्हतं."

"तात्या, मला गोड नगा बोलू. सवय न्हाई तुमच्याकडनं."

बाजार दुसऱ्या दिवशी होता. रोशनबी शहाणी पोरगी. तिनं सासूच्या कानाशी तोंड नेलं, "अम्मा, पुन्याची परात हाय की. एक्याऐंशी हायती. त्योच दाणा, त्योच शेटजी. ती मांडू. कुनाला कळतंय?"

"मला कळतंय."

"तात्या काय बोलनार न्हाईत. त्यांचं काम झालं."

"तात्याचं सोड गं. उंद्या पोतं फोडलं आन दाणा दाताखाली धरला, तर डोळं कशाला मिटू मी? कुनाला फसवायला?"

चाचा बाजेवरून मान हलवत होते. सुनेला की बायकोला, ते नाही समजलं.

बाजारात दोन्ही पराती ओट्यावर. माणूस लोटलेलं. कंडक्टर गाडी सोडून उतरलेला. जैनबबीनं पुण्याची परात उचलली, "ह्यो दाणा पुन्यास्नं आला तसा. एक्याऐंशी." लोक खूश, दोघांनी टाळ्या पण वाजवल्या. मग दुसरी उचलली. "आन ह्यो माझ्या माळ्यावरचा. तुमी आषाढापासनं खाताय त्यो. तीन. माझ्या भट्टीनं मेला. कच्चा न्हाई." आणि वळली, स्टूल ओढलं, चढली आणि पाटी उतरवली. खिळा निघत नव्हता, तर तिनं पत्राच ओरबाडला.

मग गोजराबाई पुढं आल्या. पिशवी उघडली. "झालं न्हवं? दे आता पावशेर."

"कशातलं?"

"माळ्यावरचं गं. आमास्नी काय पेरायचं हाय? धूर लागल्याला दाना चटनीला गोड लागतो. पुन्याचं वलं दानं कोन खानार?"

"मलाबी माळ्यावरचं," मागून दुसरी. "मलाबी." कंडक्टर म्हणाला, "चाची, मला अर्धा किलो, मेल्याल्यातलं!"

जैनबबी स्टुलावर उभी, हातात वाकलेली पाटी, आणि खाली रांग. तिचा चेहरा मी आजवर शंभरदा करून पाहिला, जमला नाही. "आरं भाड्यांनो," ती शेवटी ओरडली, "म्हैनाभर माझं डोकं खाल्लं, 'कच्चं हाय का, कच्चं हाय का', आन आता कुनालाच कच्चं नगं?"

"आमी कवा इचारलं? तात्यानं इचारलं," गोजराबाई म्हणाल्या, आणि हे खरंच होतं.

रांग संपली तेव्हा माळ्यावरचं पोतं निम्मं झालं होतं. संध्याकाळी तिनं मला बोलावलं, रंग आणि ब्रश दिला. "चंदे, तुझं अक्षर बरं हाय. नवी पाटी लिव."

"काय लिहू?"

"कच्चे न्हाई. भाजल्यालं बी न्हाईत. मग काय हायत गं हे?" ती स्वतःवरच चिडली. शेवटी मी लिहिलं : माळ्यावरचे दाणे. पाऊस संपेपर्यंत. ती दुसरी ओळ तिनं सांगितली. पहिलीत तिची खात्री नव्हती.

आणि तात्या? त्यांचं पोट आणि त्यांचे चाळीस दाणे? त्यांना आता कुणीच कच्चे दाणे विकत नव्हतं. पण जैनबबीनं पाटी उतरवली होती, शब्द नव्हता उतरवला. तिनं दोन दिवसांनी पुण्याहून टरफलासकट शेंगा मागवल्या, पातळ कापडाच्या पिशवीत भरल्या, पिशवीवर कोळशानं 'तात्या' लिहिलं. माळ्यावर नाही, भट्टीजवळ नाही. पावसात बुरशी धरू नये म्हणून रोज सकाळी ओट्यावर पसरायची, पंख्यानं वारा घालायची, एकेक शेंग उलटवायची, आणि प्रत्येक शेंगेला तात्यांचं नाव घेऊन एक शिवी द्यायची. चाळीस दाण्यांना वीसेक शेंगा, वीसेक शिव्या. मी मोजल्यात.

पहिल्या दिवशी तात्या न्यायला आले. तिनं पिशवी पुढं केली. "घ्या. इस्तू न्हाई, धूर न्हाई, ऊब न्हाई. कच्चं म्हंजी कच्चं." पारडं हाताशी नव्हतं, म्हणून तिनं हातच फळीवर आपटला.

तात्यांनी पिशवी हातात घेतली. चाचपली. "रात्री कुठं असते?"

"आता आलं का! मागं, इलाहीच्या बाजंखाली. कोरडी जागा हाय."

"बाजेखाली." तात्यांनी वही काढली. मग हळूच चाचांकडं पाहिलं. "इलाहीभाई, तुम्ही कमरेला वीट शेकता ना? शेकून झाली की ती गरम वीट ठेवता कुठं?"

चाचांची मान हलायची थांबली. माझ्या जन्मात पहिल्यांदा.

जैनबबीनं नवऱ्याकडं पाहिलं. मग बाजेखाली पाहिलं. तिथं फडक्यात गुंडाळलेली वीट होती, आणि शेजारी पिशवीएवढी रिकामी जागा. तिचा ओठ पुढं आला, मला वाटलं आता गावाला ऐकू जाईल असं काहीतरी येणार. पण ती नुसती पुढं झाली, तात्यांच्या हातातून पिशवी हिसकून घेतली, तिचं तोंड सोडलं, आणि दुसरा हात त्यांच्यासमोर पसरला.

"आना," ती म्हणाली. "आना त्ये थर्मामीटर हिकडं."